मिस्त्री, गाडी विकली नाही

मिस्त्री, सगळ्यात आधी हे सांगते. गाडी विकली नाही. आणि विकणार पण नाही. तुम्ही निघून गेलात म्हणून तुमचं शेवटचं म्हणणं खरं झालं असं समजू नका. गेलेल्या माणसाचा शब्द मोडू नये म्हणतात. होतात तेव्हा तरी कुठं सगळं ऐकलं मी तुमचं, की आता ऐकू?

आज सोळावा दिवस. या सोळा दिवसांत जो येतो तो तुमचं नाव काढतो, च्यक च्यक करतो आणि लगेच विचारतो, "मग आता त्या धुडाचं काय करणार?" शेजारच्या किराणा दुकानातले अण्णा म्हणाले, "मिस्त्री गेला, आता गाडीचा पण दहावा घालून टाका." मी म्हटलं, "अण्णा, तुमच्या दुकानातला फ्रिज माझ्या गाडीहून जुना हाय, त्याचा आधी घाला." माझा सुधीर पुण्याहून रोज फोन करायलाय. पहिल्या दिवशी म्हणाला, "आई, मिस्त्री लई चांगला माणूस होता." दुसऱ्या दिवशी म्हणाला, "आई, आता तरी..." पुढचं वाक्य मी ऐकलंच नाही. फोन ठेवून दिला.

लिहायची मला सवय नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. शाळा सातवीपर्यंत. पुढचं जे काही शिकले ते पोरांच्या टाकून दिलेल्या पुस्तकांतून आणि पुडीच्या कागदावरून. पण हे चार लोक वाचतील, त्यांना कळावं म्हणून थोडं सांगते. मी लातूरची मेसवाली. डॉक्टर व्हायला म्हणून गावोगावची पोरं लातूरला शिकायला येतात, त्यांना तीस वर्षं झाली जेवू घालते. माझं सासर चाकूरकडचं, थोडं शेत आहे तिकडं. आणि नांदेडला देगलूर नाक्यावर पत्र्याच्या शेडमध्ये खाजा मिस्त्री होते. जर्मन गाड्यांचे मिस्त्री. त्यांच्या-माझ्या मध्ये एक गाडी होती. काळी, लांबलचक, सहा वर्षं दुसऱ्याची झालेली आणि मग नऊ वर्षं माझी. एवढंच नातं. पण नऊ वर्षं सख्ख्या भावाशी तरी कुठं एवढं बोलणं होतं माणसाचं?

ती गाडी मी मिरवायला घेतली असं सगळ्या लातूरला वाटलं. वाटू द्या. तुम्हाला खरं कारण माहीत होतं. तीस वर्षं ओट्यापुढं उभं राहून माझी पाठ गेली होती. नांदेडच्या एका सर्जनला दाखवायला गेले. भला माणूस. त्यांची मुलगी आमच्या मेसमध्ये जेवून डॉक्टर झालेली. निघताना म्हणाले, मावशी, स्टँडवर सोडतो. त्यांच्या गाडीत बसले आणि मिस्त्री, काय सांगू, पाठीतली कळ थांबली. स्टँड आला, मी उतरेचना. डॉक्टर म्हणाले, काय झालं? मी म्हटलं, डॉक्टर, औषध लिहून देऊ नका, ही खुर्ची कुठं मिळते ते सांगा. ते हसले. म्हणाले, मी विकणारच आहे ही. पैसे कसे उभे केले ते माझं मी बघितलं. गाडी घेतली. म्हणजे खुर्ची घेतली, तिच्याभोवती गाडी आली.

डॉक्टरांनी एकच अट घातली. "खाजा मिस्त्रीशिवाय कुणाला हात लावू देऊ नका."

डॉक्टर मला गाडीसकट तुमच्या शेडवर सोडून गेले. तुम्ही गाडीला ओळखत होतात, मला नाही. गाडीभोवती एक चक्कर मारलीत, मग माझ्याकडं बघितलंत. नऊवारी, कपाळाला आडवं कुंकू नाही, हातात पिशवी. विचारलंत, "चलानेवाला कौन है, अक्का?"

"मी."

"आता क्या?"

"येत नाही. शिकणार हाय."

तुम्ही शेडच्या खांबाला धरून हसलात. "लोगां बकरी पे सीखते, तुमे सीधा हत्ती पे चढरे!" मी पण हसले. मग तुम्ही एकदम गंभीर झालात आणि म्हणालात, ही गाडी तुम्हाला खाईल. नवी छोटी गाडी घ्या, दहा वर्षं बोनेट उघडावं लागणार नाही. मी म्हटलं, छोट्या गाडीत बसून बघितलंय, पाठ दुखती. तुम्ही म्हणालात, गाडी दुखायला लागली की काय करणार? मी म्हटलं, मग तुम्ही कशाला हायेत?

तिथून भांडण सुरू झालं ते शेवटपर्यंत.

मिस्त्री, लोक म्हणतात विलायती गाडी जुनी झाली की भरवसा नसतो. नऊ वर्षं मी हे ऐकतेय. आता मी तुमच्याकडून शिकलेलं त्यांना सांगते. "इंजिन बुड्ढा नै होता अक्का, रबर बुड्ढा होता." हे तुमचं वाक्य. गाडी लोखंडानं मरत नाही, रबरानं मरते, प्लास्टिकनं मरते, आणि सगळ्यात जास्त मालकाच्या आळसानं मरते. कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय, गिअरबॉक्सचं ऑइल बदलू नका, ते लाइफटाइम आहे. मी ते पुस्तक घेऊन तुमच्याकडं आले, मोठी हुशार. तुम्ही चष्मा वर केलात. "लाइफटाइम? किसका लाइफटाइम? गाडीका, मेरा, के तुमारा?" आणि ऑइल काढून दाखवलंत. काळं, जळक्या तेलासारखं. भजी तळून तळून तीन दिवसांचं झालेलं तेल असतं, तसं. मी म्हटलं, हे तर मी पोरांना पण खाऊ घालणार नाही. तुम्ही म्हणालात, "तो फिर इसको कैकू खिलारे?"

आपलं जमलं ते स्वयंपाकघरामुळं. मला पार्टची नावं येत नव्हती, तुम्हाला माझी भाषा. पण आवाज दोघांना कळायचा. चाकूरहून येताना मी फोन करायची, "मिस्त्री, डावीकडं भाकरी थापल्यासारखं वाजतंय." तुम्ही विचारायचा, "खड्डे में के मोड पे?" "मोडावर." "हौ. नीचे का आर्म, रबर गया. धीरे आव." एकदा अहमदपूरच्या पुढं म्हटलं, जात्यासारखं घरघर करतंय आणि वेग वाढवला की दळण बारीक होतं. तुम्ही म्हणालात, मागचं बेअरिंग, नांदेडपर्यंत टिकतं, पण वाटेत कुणाच्या लग्नाला वळू नका. तुमच्याकडं ते मशीन होतं की, गाडीला जोडलं की चुका दाखवणारं. पण ते शेवटी जोडायचा. आधी मला पुढं बसवून चक्कर मारायचा आणि म्हणायचा, बोलो अक्का, आज क्या पका?

धर्माबादच्या मिरचीचं आठवतं का? तुम्ही विसरणार नाही, जिथं असाल तिथं शिंकत असाल. वर्षाची मिरची मी धर्माबादहूनच आणते, पोरांना तिखट लागतं. डिकी भरली, उरलेली दोन पोती मागच्या सीटवर बसवली, बेल्ट लावून. लातूरपर्यंत आणली. नंतर आठ दिवस एसी लावला की सगळ्या गाडीला ठसका. सुधीर आला होता, त्याची बायको डोळे पुसत उतरली, तिला वाटलं मी मुद्दाम केलं. तुमच्याकडं आणली. तुम्ही डॅशबोर्डखालची एसीची जाळी काढलीत आणि तोंडाजवळ नेऊन फुंकलीत. फुंकलीत! मिस्त्री, नऊ वर्षांत तुमची चूक मी तेवढी एकच बघितली. शेडमधली सगळी माणसं रस्त्यावर. तुम्ही नळाखाली डोकं धरून ओरडत होतात, "गाडी है के मसाले का डब्बा!" मी हसत नव्हते, देवाशपथ. मी खोकत होते.

आणि माझी चूक? ती तुम्ही दहा जणांना सांगितलीत, आता मीच सांगते.

तो उन्हाळा असा होता की लातूरला नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी नाही. टँकर आला की बाया घागरी घेऊन पळायच्या. त्यात गाडीच्या पाण्याच्या टाकीला बारीक चीर गेली. रोज थोडं कमी व्हायचं. तुम्ही सांगितलं होतं, बाटलीतलं पाणी आणि ते गुलाबी औषध घाला, नाहीतर माझ्याकडं या. मी म्हटलं, इथं पोरांना प्यायला मिळेना आणि गाडीला बाटलीतलं पाजू? घराच्या बोअरचं घालत राहिले. सातशे फुटांवरून येतं ते पाणी, जिभेवर ठेवलं तर खडू चाटल्यासारखं लागतं. दोन महिने घातलं. लोह्याच्या अलीकडं काटा चढला, तांबडा झाला, बोनेटमधून वाफ.

तुम्ही टेम्पो घेऊन आलात. गाडी शेडमध्ये नेली. ऑइलचं झाकण फिरवून उलटं केलंत आणि माझ्यापुढं धरलंत. आतल्या बाजूला लोण्यासारखं पांढरं. "ताक हो गया अक्का," तुम्ही म्हणालात. "पानी ऑइल में गया. क्या पिलाये इसको?"

"पाणी."

"कौनसा?"

मी सांगितलं. तुम्ही ओरडाल असं वाटलं. ओरडला नाहीत. एक पाइप सोडवलात, आतून पांढरी खपली खरवडलीत आणि माझ्या तळहातावर ठेवलीत. मी ओळखली हो. चहाच्या पातेल्याला बसते तीच. आमच्याकडं दर रविवारी दगडानं घासतात ती. तुम्ही हळूच म्हणालात, "पातेला तो घासते ना तुमे? इसके पेट में हात डालके कौन घासता?"

मला रडूच आलं. मेसच्या पोरांना रोज उकळलेलं पाणी देणारी बाई मी, आणि गाडीला काय पाजलं!

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, इंजिन गेलं, भंगारात घाला. तुम्ही इंजिनचं वरचं हेड उतरवलंत, घासून सपाट करून आणलंत, आतल्या सगळ्या नळ्या औषधानं धुतल्यात. एकोणीस दिवस. मी रोज लातूर-नांदेड एसटीच्या कंडक्टरकडं तुमचा डबा द्यायची, तुम्ही स्टँडवरून उचलून आणायचा. पोळ्या, शेंगदाण्याची चटणी, वरणफळं. विसाव्या दिवशी चावी फिरवली. गाडी सुरू झाली तेव्हा तुम्ही तिच्याकडं बघितलंच नाहीत, माझ्या तोंडाकडं बघत होतात.

मग असा माणूस मला म्हणतो, विकून टाका.

या हिवाळ्यातली गोष्ट. गाडीला पंधरा वर्षं होत आली होती. पंधरा झाली की नोंदणी संपते, आरटीओत नेऊन पास करून घ्यावी लागते, नाहीतर रस्त्यावर आणता येत नाही. मी म्हटलं, मिस्त्री, अशी तयार करा की साहेब बघतच राहिला पाहिजे. तुम्ही गाडी वर चढवलीत. खाली टॉर्च घेऊन गेलात. लई वेळ बाहेर आला नाहीत. मग हात धुतलेत, पुसलेत, आणि माझ्याकडं न बघता म्हणालात, "अक्का, अब बस. चलरी तबतक बेच डालो. कोई तो लेलेगा."

मी विचारलं, काय मोडलंय? म्हणालात, मोडलं काही नाही. मग? तर म्हणालात, "मेरा सुनो. छोडो."

कारण सांगत नव्हतात. नऊ वर्षं प्रत्येक नटबोल्टचं कारण सांगणारा माणूस, आणि आता कारण नाही! सुधीरनं तुम्हाला फोन केला असेल असं माझ्या मनात आलं. डोकं फिरलं माझं. मी म्हटलं, "तुमचे हात थकले म्हणून माझी गाडी थकली काय?"

सगळ्या शेडसमोर म्हटलं. चहा मागवलात. चहा आला, माझ्यापुढं ठेवलात. मी तो तसाच ठेवून उठले. नऊ वर्षांत पहिल्यांदा. गाडी काढली आणि मागं बघितलं नाही.

चार महिने मी फोन केला नाही. तुम्ही पण केला नाहीत. मी म्हटलं, बघू कोण आधी करतं. तुम्हाला सांगते, मी लातूरच्या त्या काचेच्या मोठ्या गॅरेजमध्ये पण गेले, तुमच्यावर रागावून. आत थंडगार, कॉफी फुकट. टाय घातलेल्या माणसानं गाडीला हात न लावता मशीन जोडलं, लांब यादी काढली आणि म्हणाला, "मॅडम, या वयात एवढं करणं परवडत नाही." मी म्हटलं, "गाडीचं वय म्हणताय का माझं?" तो गोंधळला. मी यादी घेतली, कॉफी पिले आणि आले. तुमच्याकडं येणार होते. खरंच येणार होते. उन्हं उतरली की जाऊ, पोरांच्या परीक्षा झाल्या की जाऊ, असं चाललं होतं.

मग सकाळी कणीक मळत असताना नसरीनचा फोन. तुमच्या लेकीनं मला कधी फोन केला नव्हता. शाळेत शिकवते, एवढंच माहीत. म्हणाली, "अक्का, अब्बा गुजर गये. पेट में गाठ थी. सहा महिन्यांपासून."

सहा महिने. म्हणजे त्या दिवशी तुम्ही गाडीखाली होतात तेव्हा तुम्हाला माहीत होतं.

मी फोन ठेवला आणि पोळ्या लाटल्या. पोरं जेवायला येतात, त्यांना काय सांगू? कितीतरी लाटल्या, जळल्या पण काही. मग मोठं पातेलं भरून वरण, दुसऱ्यात भात, दोन डबे पोळ्या, गाडीत ठेवलं. तुमच्या घरी चूल पेटणार नाही हे मला कळत होतं. सुधीर फोनवर ओरडत होता, "आई, एकटी एवढ्या लांब जाऊ नकोस, रस्त्यात बंद पडली तर?" मी म्हटलं, "बंद पडली तर उभी राहीन. आजपर्यंत तीनदा उभी राहिले, तीनदा कुणीतरी आलं." पण त्यातल्या तिन्ही वेळा तुम्हीच आला होतात, ते मी त्याला सांगितलं नाही.

चाकूर, अहमदपूर, लोहा. गाडीनं हूं का चूं केलं नाही.

तुमच्या घरी बायांत बसले. नसरीन माझ्याजवळ आली. मी तिला विचारलं, मला का नाही कळवलं? ती म्हणाली, "अब्बा बोले, किसी को नक्को बोलो. सब आते, सब रोते, काम नै होता." मला एवढा राग आला तुमचा, मिस्त्री. रडू आलं ते नंतर. आधी राग. मला कळवायचं नाही? मी कोण, गिऱ्हाईक? एकोणीस दिवस ज्या बाईचा डबा खाल्ला, तिला शेवटचे चार महिने डबा पाठवायचा हक्क नव्हता? पोटात जात नव्हतं म्हणे तुमच्या. मी पेज पाठवली असती. भाताची, ज्वारीची. तीस वर्षं आजारी पोरांना पेज पाजतेय मी. तुम्ही तुमच्या मनानं ठरवून टाकलंत की अक्काला त्रास नको. कुणी सांगितलं होतं ठरवायला?

नसरीन उठली आणि आतून एक लोखंडी पेटी ओढत आणली. जड होती, दोघींनी धरली. उघडली तर वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, सुतळीनं बांधलेल्या पुड्या. प्रत्येकीवर तुमच्या हातचं, उर्दूत. मला वाचता येईना. नसरीन एक-एक उचलून वाचायला लागली. "पीछे का बेअरिंग, अक्का की गाडी." "बाएं दरवाजे का काच चढानेवाला, अक्का." "नीचे के आर्म का रबर, दो जोडी, अक्का." "पानी की टंकी, नई, बोअर का पानी नक्को." ते वाचून ती आणि मी, दोघी हसलो. मयताच्या घरात. बाया बघायला लागल्या.

तशीच एक गाडी कुणीतरी भंगारात काढली होती म्हणे, तुम्ही जाऊन तिच्यातलं चांगलं-चांगलं काढून आणलंत. गेल्या चार महिन्यांत. पोटात गाठ घेऊन.

मी म्हटलं, "अगं पण मला तर म्हणाले, विकून टाका!"

नसरीन म्हणाली, "हौ. मैं भी पूछी. तो बोले, मैं बोल दिया अक्का को, छोडो बोलके. मगर वो सुननेवाली नै."

तिथं मला रडू आलं, मिस्त्री. लपवत नाही. पण तुम्ही असं समजू नका की मी नरमले. तुम्हाला माहीत होतं मी ऐकणार नाही, तर म्हणालात कशाला? माझ्यानंतर कुणी बघणार नाही तिला, तुम्ही रस्त्यात अडकाल, एवढं सरळ म्हणता येत नव्हतं? मी म्हटलं असतं, मला शिकवा. तेवढे चार महिने होते आपल्याकडं. मी शेडमध्ये खुर्ची टाकून बसले असते. तुम्ही बसल्या-बसल्या सांगितलं असतं, मी पाना धरला असता. ते सोडून तुम्ही पुड्या बांधत बसलात आणि मी लातूरला रुसून बसले. दोघं सारखेच. दोघांनी चार महिने वाया घालवले.

नसरीननं पेन काढलं आणि प्रत्येक पुडीवर तुमच्या अक्षराखाली मराठीत लिहून दिलं. शाळेतली बाई ती, अक्षर टपोरं. आता मला वाचता येतं. तुमच्या शेडमध्ये तुमचा पुतण्या बसतो आता. त्यानं पेटीतले रबर आणि टाकी त्याच आठवड्यात बसवून दिली. तुमच्याएवढा बोलत नाही. मी तिथं उभी राहून त्याला बोलतं करतेय.

परवा आरटीओत नेली. मुदत संपायला एकच दिवस. सुधीर आदल्या दिवशी म्हणाला, "नापास झाली तर हट्ट करू नकोस. भंगारवाल्याशी मी बोलून ठेवलंय." बोलून ठेवलंय! मी म्हटलं, तू बोललास ना, मग तूच त्याच्याकडं जाऊन बस.

मैदानात सगळ्या गाड्या एका ओळीत. माझी काळी लांब मध्ये. लोक बघत होते. साहेब तरुण होता, कपाळावर घाम. मला म्हणाला, "ड्रायव्हर कुठंय, आजी?" मी चावी दाखवली. त्यानं भुवया उडवल्या. बोनेट उघडा म्हणाला, उघडलं. इंजिन चालू करा, केलं. वाकून कान लावला त्यानं. तेवढं मला आवडलं, कान लावणारा माणूस कमी भेटतो आता. चेसिस नंबर बघितला, धूर बघितला, ब्रेक दाबून बघितले. "मेन्टेन चांगली केलीय," म्हणाला. माझी छाती फुगली. मग मागं गेला. "डावा ब्रेक लाइट लागत नाही. आज पास होणार नाही. पुढची तारीख घ्या."

मिस्त्री, पेटीत सगळं होतं. बेअरिंग होतं, टाकी होती, कुठल्या-कुठल्या वायरी होत्या. एक बल्ब नव्हता. तुम्ही विसरलात.

"पुढची तारीख कधी, साहेब?"

"पुढच्या आठवड्यात."

"माझी मुदत उद्या संपती."

"मग काय करू, आजी? नियम आहे."

"नियम असू द्या. तुम्ही जेवायला कधी उठता?"

त्यानं घड्याळ बघितलं. "अर्ध्या तासानं."

"मग अर्धा तास द्या."

समोरच्या दुकानातून बल्ब आणला. दुकानदार म्हणाला, बाई, मिस्त्री बोलवा, या गाडीचा दिवा डिकीतून उघडतो, आत लई अडचण हाय. मी म्हटलं, मिस्त्री आहे. साडीचा पदर खोचला, डिकीत शिरले, अर्धी आत अर्धी बाहेर. पाठ ओरडत होती. आतलं आवरण काढलं, ते कसं निघतं तुम्ही एकदा दाखवलं होतं, दुसऱ्याच कुठल्या कारणानं, मी नुसतं बघत उभी होते. दोन खिट्ट्या दाबून दिवा ओढायचा. पहिल्यांदा ओढला, निघाला नाही, मनगट खरचटलं. दुसऱ्यांदा निघाला. जुना बल्ब काळा पडलेला. नवा बसवला. मागं वीस-पंचवीस माणसं गोळा झाली होती. कुणीतरी म्हणालं, "आजी, वय काय तुमचं?" मी आतूनच म्हटलं, "गाडीचं विचारा, माझं कशाला?"

बाहेर आले, साहेबाला म्हटलं, तुम्ही मागं उभे राहा. पुढं जाऊन ब्रेक दाबला. आरशात बघत होते. त्याच्या पांढऱ्या शर्टावर लाल उजेड पडला.

त्यानं सही केली. पाच वर्षं. तेव्हा मी एकाहत्तरीची असेन. सुधीरला कागदाचा फोटो पाठवला. त्यानं लिहिलं, "भंगारवाल्याला नाही म्हणून सांगतो."

आता तुमचं आणि माझं. मिस्त्री, त्या दिवशी शेडमध्ये मी जे बोलले, तुमचे हात थकले म्हणून, ते वाक्य चूक होतं. तुमचे हात थकले नव्हते, ते मी तुमच्या पुड्यांच्या गाठी सोडवताना बघितलं. एका पुडीची गाठ मला दातानं सोडवावी लागली. ते वाक्य मी परत घेते. तो चहा प्यायला हवा होता, ते पण मान्य करते.

बाकी एक शब्द परत घेत नाही. गाडी विकायची नव्हती. मला सांगायला हवं होतं. तुम्ही चूक होतात आणि मी बरोबर होते, आणि आता त्यावर तुम्हाला काही म्हणता येत नाही, ह्याचाच मला लई राग येतो.